वाट पाहणाऱ्याचा मंत्र

मंत्र हा शब्द कानीं पडतांच मराठी माणसाच्या मनापुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक देवघरांत एकाग्र चित्तानें बसलेल्या उपासकाचें, आणि दुसरें अंगारा व लिंबू पुढें मांडून बसलेल्या मांत्रिकाचें. पहिल्याच्या मंत्राचा अर्थ समजून घ्यावा अशी अपेक्षा असते. दुसऱ्याच्या मंत्राचा अर्थ कोणी विचारूं नये असा संकेत असतो. परंतु मंत्राचा एक तिसराहि प्रकार आहे, आणि तो म्हणजे कथाकाराच्या कल्पनेंत जन्मलेला मंत्र. त्यानें कोणाचा ताप उतरत नाहीं कीं कोणाचें भूत निघत नाहीं. तरीहि त्याचा अर्थ शोधून पाहिला असतां कधीं कधीं फार मोलाची गोष्ट हातीं लागते. अशाच एका मंत्राचा येथें विचार करावयाचा आहे. तो अवघ्या दोन शब्दांचा असून त्याची भाषा लॅटिन आहे. ते शब्द म्हणजे ‘एक्स्पेक्टो पट्रोनम्’.

हा मंत्र इंग्रज लेखिका जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर या मुलाविषयींच्या कथामालेंत येतो. मालेचा पहिला भाग १९९७ सालीं आणि सातवा व अखेरचा भाग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या तिसऱ्या भागांत हा मंत्र प्रथम भेटतो, तो १९९९ सालच्या जुलै महिन्यांत बाहेर पडला. मराठीसह जगांतील अनेक भाषांत या कथा उतरल्या आहेत. २००३ सालीं पहिल्या भागाचें भाषांतर तर खुद्द लॅटिनमध्येंच झालें. लेखिकेनें एक्झेटर येथील विद्यापीठांत फ्रेंच भाषेबरोबर ग्रीस व रोम यांच्या प्राचीन विद्येचाहि अभ्यास केला होता. त्या अभ्यासाचा ठसा तिच्या मंत्रांवर स्पष्ट उमटलेला दिसतो.

या कथांतील जादूगार जे मंत्र म्हणतात त्यांपैकीं पुष्कळ लॅटिनच्या टांकसाळींतले आहेत. मात्र प्रत्येक नाणें चोख नाहीं. उजेड पाडणारा ‘लूमॉस’ हा प्रकाशवाचक ‘लूमेन’ या शब्दावरून घडवलेला, पण व्याकरणांत न बसणारा शब्द आहे. उजेड मालवणारा ‘नॉक्स’ मात्र शुद्ध लॅटिन असून त्याचा अर्थ रात्र. संस्कृतांतील ‘नक्त’ हा त्याचाच भाऊबंद होय. दूरची वस्तु जवळ आणणारा ‘अ‍ॅक्सिओ’ म्हणजे ‘मी बोलावतों’. यातना देणारा ‘क्रूसिओ’ हा शब्द ‘क्रुक्स’ म्हणजे क्रूस, ज्यावर रोमन लोक गुन्हेगाराला खिळीत तो वधस्तंभ, यापासून निघाला. शत्रूच्या हातचें शस्त्र उडवणारा ‘एक्स्पेलिआर्मस’ हा ‘हांकलणें’ आणि ‘शस्त्रें’ या अर्थांच्या दोन शब्दांची मोडतोड करून केलेला सांधा आहे. या मेळ्यांत ‘एक्स्पेक्टो पट्रोनम्’ निराळा उठून दिसतो, कारण तें एक पूर्ण आणि व्याकरणशुद्ध वाक्य आहे. त्याचा कर्ता क्रियापदांत गर्भित आहे, क्रियापद जागेवर आहे, आणि कर्महि योग्य विभक्तींत आहे.

मंत्रासाठीं लॅटिनच कां, हा प्रश्न साहजिक आहे. पश्चिम युरोपांतील रोमन साम्राज्य पांचव्या शतकांत लयाला गेलें. परंतु त्याची भाषा मंदिरांत, न्यायालयांत, विद्यापीठांत आणि वैद्यांच्या लिखाणांत पुढें हजार वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली. सामान्य माणसाच्या कानावर ती पडे, पण तिचा अर्थ त्याला कळत नसे. आणि जी भाषा ऐकूं येते पण समजत नाहीं, तिच्याभोंवतीं गूढतेचें वलय आपोआप जमतें. लोकविश्वासाचा हा धागा फार जुना आहे. सेरेनस सॅमोनिकस या रोमन ग्रंथकाराच्या वैद्यकावरील पद्यग्रंथांत ‘अब्राकाडाब्रा’ हा शब्द ताप घालवण्यासाठीं सांगितला आहे. दर ओळींत एकेक अक्षर कमी करीत तो त्रिकोणाकार लिहावा आणि गळ्यांत बांधावा, असा त्याचा विधि. इंग्लंडांत १६३४ सालीं ‘होकस पोकस ज्युनिअर’ नांवाचें हातचलाखीचें पुस्तक छापलें गेलें. ‘होकस पोकस’ हे शब्द ख्रिस्ती उपासनेंतील एका लॅटिन वाक्याचा अपभ्रंश असावेत, असा तर्क टिलॉटसन नांवाच्या आर्चबिशपानें सतराव्या शतकांत केला होता. तो तर्क सिद्ध झालेला नाहीं. पण न समजणारें पवित्र वाक्य लोकांच्या तोंडीं जादूचें वाक्य होऊं शकतें, एवढें त्या काळच्या विद्वानांना पटत होतें, हें त्यावरून कळतें.

आतां मंत्राच्या पहिल्या शब्दाकडे वळावें. ‘एक्स्पेक्टो’ या क्रियापदाचे दोन अवयव आहेत. ‘एक्स्’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पेक्टो’ म्हणजे पाहतों. प्राचीन रोमन लेखक या जोडशब्दांत दोन्ही अवयवांचा सकार राखून तो लिहीत. पुढें लेखनांत एक सकार गळाला आणि तेंच रूप मंत्रांत आलें. पाहणें या अर्थाचा हा ‘स्पेक्’ धातु संस्कृत जाणणाऱ्याला परका नाहीं. संस्कृतांत तोच ‘स्पश्’ या रूपानें नांदतो. ऋग्वेदांत वरुणाच्या हेरांना ‘स्पश’ असें नांव आहे, कारण ते सर्व कांहीं पाहतात. नित्याच्या ‘पश्यति’ या रूपांत आरंभींचा सकार नाहींसा झाला आहे, इतकेंच. म्हणजे पुण्यांत ‘पश्यामि’ घोकणारा विद्यार्थी आणि लंडनांत ‘स्पेक्टो’ घोकणारा विद्यार्थी हे दोघे एकाच प्राचीन धातूचीं रूपें घोकीत असतात.

शब्दशः ‘मी बाहेर नजर लावून पाहतों’ असा अर्थ असलेलें हें क्रियापद लॅटिनमध्यें ‘मी वाट पाहतों’ या अर्थानें रूढ झालें. बाहेर पाहणें म्हणजे थांबून राहणें असें कसें झालें, हा प्रश्न इतर कोणाला पडला तरी मराठी माणसाला पडूं नये. कारण त्याची स्वतःची भाषा हेंच सांगते. आपण कोणाची प्रतीक्षा करूं लागलों म्हणजे त्याची ‘वाट पाहतों’. दारांत किंवा ओट्यावर उभें राहावें, गांवांत शिरणाऱ्या वाटेवर डोळे लावावेत, आणि वळणावर कोणी दिसतें कीं काय हें पाहत राहावें, हीच या वाक्प्रचाराची मूळ क्रिया. संस्कृतांत ‘प्रतीक्षा’ हा शब्दहि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणें या धातूचाच, आणि ‘अपेक्षा’ हाहि त्याच धातूचा. वाट पाहणें आणि आशा बाळगणें या दोन्ही गोष्टी डोळ्यांनींच घडतात, असें जणूं या सर्व भाषांनीं आपापल्या परीनें ठरवलें आहे. लॅटिनमध्यें तर प्रतीक्षा व अपेक्षा हे दोन्ही अर्थ एकट्या ‘एक्स्पेक्टो’च्या पोटांत आहेत. तो शब्द म्हणणारा मनुष्य नुसता थांबलेला नसतो. ज्यासाठीं तो थांबला आहे तें येईल असा त्याचा भरंवसा असतो.

दुसरा शब्द ‘पट्रोनम्’. त्याचें मूळ रूप ‘पट्रोनस’, आणि तें ‘पाटेर’ म्हणजे पिता या शब्दापासून झालें आहे. ‘पाटेर’ आणि संस्कृत ‘पितृ’ यांचें नातें सर्वश्रुत आहे. प्रथमेंत ‘पट्रोनस’ आणि द्वितीयेंत ‘पट्रोनम्’ हा फरक ‘देवः’ आणि ‘देवम्’ यांतील फरकाप्रमाणेंच आहे. द्वितीयेचा मकार दोन्ही भाषांनीं जपून ठेवला आहे. रोमन समाजांत पट्रोनस म्हणजे आश्रितांचा पालक. गुलामाला मुक्त केल्यावर त्याचा पूर्वीचा धनी त्याचा पट्रोनस होई. न्यायसभेंत दुसऱ्याची बाजू घेऊन बोलणाऱ्यालाहि हेंच नांव होतें. आश्रित मंडळी भल्या पहाटे पालकाच्या वाड्यावर मुजऱ्यासाठीं जमत आणि त्याची वाट पाहत बसत. हें नातें एकतर्फी नव्हतें. इसवी सनापूर्वीं सुमारें ४५० या काळांतील रोमच्या बारा पट्टिकांच्या कायद्यांत आश्रिताची फसवणूक करणारा पालक शापित ठरवला आहे. तेव्हां ज्यावर भरंवसा ठेवावा आणि ज्यानें तो भरंवसा मोडूं नये, असा पित्यासारखा रक्षणकर्ता, हा या शब्दाचा पूर्ण अर्थ. मंत्राचा सरळ मराठी अनुवाद करावयाचा तर ‘मी माझ्या रक्षणकर्त्याची वाट पाहत आहें’ असा होईल.

हे दोन्ही शब्द पश्चिम किनाऱ्यावरील लोकांच्या कानांवरून पूर्वीं अनेकदां गेलेले आहेत. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेंत उपासना होऊं लागली. तोंपर्यंत गोव्यांतील आणि वसईतील देवळांत मिस्साची भाषा लॅटिनच होती. रविवारीं म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धाघोषणेच्या अखेरीस हेंच ‘एक्स्पेक्टो’ क्रियापद येतें, आणि तेथें त्याचें कर्म आहे मृतांचें पुनरुत्थान. दुसऱ्या शब्दाची गोष्ट तर याहून घरगुती आहे. लॅटिन ‘पट्रोनम्’ पोर्तुगीजांच्या तोंडीं झिजत झिजत ‘पात्रांव’ झाला आणि त्यांच्याबरोबर गोव्यांत उतरला. गोव्यांतील कोंकणी बोलण्यांत धन्याला आजहि ‘पात्रांव’ अशी हांक मारली जाते. ज्या शब्दाला कथेंत चंदेरी तेज आहे, तोच शब्द दुकानाच्या फळीवर आणि होडीच्या कांठावर रोज उच्चारला जातो.

आतां या रक्षकाची गरज कोणाला आणि कशापासून, हें पाहावें. कथेंत ‘डिमेंटर’ नांवाचे भयंकर प्राणी आहेत. ते जादूगारांच्या तुरुंगावर पहारा करतात. ते जवळ आले कीं हवा गारठते, आणि माणसाच्या मनांतील सर्व सुखद आठवणी शोषल्या जाऊन अत्यंत वाईट आठवणी तेवढ्या मागें उरतात. हें नांवहि लॅटिन धाटणीचें आहे. ‘डे’ म्हणजे दूर किंवा वेगळें आणि ‘मेन्स’ म्हणजे मन. ज्याचें मन हरपलें तो ‘डेमेन्स’. ‘मेन्स’ आणि आपला ‘मनस्’ हे एकाच मुळाचे. येथें एक सुंदर योग जुळून येतो. ‘मंत्र’ हा शब्दहि ‘मन्’ धातूलाच ‘त्र’ हा साधनवाचक प्रत्यय लागून झाला आहे. मनन करणाऱ्याचें त्राण करतो तो मंत्र, अशी परंपरेनेंहि त्याची फोड केली आहे. म्हणजे मन हिरावून घेणारा तो डिमेंटर, आणि मनाचें साधन तो मंत्र. एकाच धातूपासून रोगाचेंहि नांव निघालें आणि औषधाचेंहि.

डिमेंटर हें केवळ मुलांना भिवविण्यासाठीं रचलेलें बुजगावणें नव्हे. लेखिकेच्या आईचें १९९० च्या डिसेंबरांत निधन झालें. त्यानंतरच्या हलाखीच्या वर्षांत तिला खिन्नतेच्या विकारानें ग्रासलें होतें, आणि या प्राण्यांची कल्पना त्याच अनुभवांतून आली, असें तिनें मुलाखतींतून स्पष्ट सांगितलें आहे. दुःख आणि खिन्नता यांत भेद आहे. दुःखी माणसाला सुख आठवतें, म्हणूनच त्याला रडूं येतें. खिन्नतेनें ग्रासलेल्याला सुख कधीं होतें हेंच आठवेनासें होतें. हा भेद एवढ्या थोडक्यांत मुलांच्या गोष्टींत उतरवणें सोपें नाहीं.

हॅरीचे आईबाप तो तान्हा असतांनाच मारले गेले आहेत. डिमेंटर जवळ आला कीं त्याला आईचा मरणसमयींचा आक्रोश ऐकूं येतो आणि तो मूर्च्छित पडतो. त्याचा एक शिक्षक, ल्युपिन, त्याला हा मंत्र शिकवतो. शिक्षक प्रथमच बजावतो कीं, नुसते शब्द म्हणून कांहीं होणार नाहीं. म्हणतांना एखादी अत्यंत आनंदाची आठवण सर्व शक्ति एकवटून मनांत धरली पाहिजे. मुलगा आधीं जादूच्या झाडूवरून पहिल्यांदा उडाल्याची आठवण धरतो, मग शाळेंत मिळालेल्या विजयाची. दोन्ही अपुऱ्या पडतात. शेवटीं, आपण जादूगार आहोंत आणि नावडत्या नातलगांचें घर सोडून शाळेंत जाणार, हें कळलें त्या क्षणाची आठवण तो धरतो, तेव्हां कोठें एक अंधुक चंदेरी छाया त्याच्या छडींतून बाहेर पडते. हा रक्षक आशा, आनंद आणि जगण्याची इच्छा यांचाच बनलेला असतो. परंतु माणसाप्रमाणें त्याला निराशा शिवत नाहीं, म्हणून डिमेंटर त्याचें कांहीं करूं शकत नाहींत.

मंत्राच्या दोन्ही शब्दांचा खरा अर्थ कथेच्या शेवटीं उलगडतो. सरोवराच्या कांठीं कमीत कमी शंभर डिमेंटर हॅरीला व त्याच्या सोबत्यांना वेढतात. त्याचा मंत्र निष्फळ ठरतो. तो शुद्ध हरपण्याच्या बेतांत असतां पलीकडच्या तीरावरून एक तेजस्वी प्राणी धांवत येतो आणि त्या सर्वांना पिटाळून लावतो. तीरावर उभी असलेली पुसट आकृति आपल्या मृत पित्याची होती, असें मुलाला वाटतें. पुढें एका जादूच्या यंत्रानें तो तीन तास मागें जातो आणि त्याच पलीकडच्या तीरावर झुडुपाआड उभा राहतो. तेथें तो काय करतो? तो वाट पाहतो. समोर नजर लावून, आतां बाबा येतील, या क्षणीं येतील, अशी वाट पाहतो. ‘एक्स्पेक्टो’चा धात्वर्थ आणि ‘पट्रोनस’मधला पिता, दोन्ही तेथें अक्षरशः उभे आहेत. परंतु कोणीच येत नाहीं. तेव्हां त्याच्या ध्यानांत येतें कीं, आपण मघाशीं पाहिला तो पिता नव्हता. तो आपण स्वतःच होतों. तो झुडुपाआडून बाहेर येऊन मंत्र उच्चारतो, आणि छडींतून निघालेला रक्षक सांबराच्या रूपानें पाण्यावरून दौडत जातो. त्याचा पिता हयात असतां सांबराचेंच रूप घेत असे. मेलेला पिता परत आला नाहीं हें खरें. पण तो सर्वस्वीं गेलाहि नव्हता, कारण मुलाच्या आंतून जें बाहेर आलें त्याला त्याचाच आकार होता.

यावरून ‘दुसऱ्याची वाट पाहूं नये, स्वतःच स्वतःचा रक्षक व्हावें’ एवढाच बोध काढला तर तो अर्धवट होईल. तो मुलगा हें बळ एकट्यानें मिळवीत नाहीं. एक शिक्षक आपला वेळ खर्चून त्याला शिकवतो, तो अयशस्वी झाला कीं त्याच्या हातीं खाऊची वडी ठेवतो आणि पुन्हां प्रयत्न करावयास लावतो. पुढें पांचव्या भागांत तोच मुलगा हा मंत्र आपल्या सोबत्यांना शिकवतो, आणि उजेडाच्या खोलींत मंत्र साधणें सोपें, प्रत्यक्ष संकटांत कठीण, याचीहि त्यांना जाणीव देतो. सातव्या भागांत युद्धाच्या रात्रीं शोकानें त्याचें मन बधिर होतें आणि त्याच्याच्यानें मंत्र साधत नाहीं. तेव्हां त्यानें शिकवलेले तिघे सोबती पुढें येतात आणि त्यांचे ससा, रानडुक्कर व कोल्हा हे रक्षक त्याच्यापुढें उभे ठाकतात. ज्यानें एकदां स्वतःच्या बळावर सर्वांना वांचवलें, त्यालाहि एके रात्रीं दुसऱ्यांची वाट पाहावी लागली. आणि ते आले.

आज अनेक घरांतून मुलें हातांत काठी घेऊन हा मंत्र म्हणतांना दिसतात. त्यांना गप्प बसवण्यापेक्षां त्या दोन शब्दांचा अर्थ सांगितला, तर ‘पश्यामि’ आणि ‘पितृ’ या शब्दांचे समुद्रापलीकडचे सोयरे त्यांना खेळतां खेळतां भेटतील. आणि एखादें मूल, किंवा एखादें वडीलधारें माणूस, कांहीं दिवस हंसेनासें झालें, पूर्वींच्या आनंदाची गोष्ट काढली तरी त्याच्या चेहऱ्यावर कांहीं उमटेनासें झालें, तर त्याला ‘चांगलें तें आठव’ एवढेंच सांगून स्वस्थ बसूं नये. आठवण हरपणें हाच त्याचा आजार असतो. त्याच्याजवळ बसावें, जरूर पडल्यास वैद्याकडे न्यावें, आणि त्याची आठवण परत येईपर्यंत ती आपल्याजवळ जपून ठेवावी. कोणी तरी येईल म्हणून तोहि वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो, फक्त त्याला तें बोलून दाखवतां येत नाहीं.